ड्रायव्हरचा ग्लास

आमच्या ह्यांनी माझा चहा सोडला आणि दुसरीचा धरला, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. लोक म्हणतील, चहाच तर आहे. लोकांना म्हणायला काय जातं? माझ्या चहाबद्दल आमच्या बोरिवलीच्या अख्ख्या चाळीत विचारा. गणपतीत आरतीनंतरचा चहा कुणी करायचा, असा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. सुलक्षणा धुरी करणार, हे ठरलेलं. शेजारच्या एथेल परेराकडे पाहुणे आले की ती पातेलं घेऊन माझ्याच दारात. म्हणायची, "बाय, तूच टाक. माझा चहा पिऊन माझी नणंद परत येनार नाय."

आमचे हे, जयवंत धुरी, एस.टी.त ड्रायव्हर. बोरिवली-महाड गाडी. सकाळी न्यायची, तिकडे मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी परत आणायची. लग्न झाल्यापासून माझी एक रीत होती. हे ड्युटीवर निघाले की लाल थर्मास भरून हातात द्यायचा. आलं ठेचलेलं, पत्ती कडक, साखर जरा चढ, दुधाला हात आखडायचा नाही. घरी परत आले की बूट काढायच्या आधी म्हणायचे, "आज आलं झकास लागलं." माणूस तोंडाचा कंजूष. आठवड्यात जे काय बोलायचे त्यातलं निम्मं माझ्या चहाबद्दल असायचं, आणि माझं तेवढ्यावर भागायचं.

तर त्या वर्षी होळीनंतर थर्मास नेला तसा परत यायला लागला. उघडून बघते तर गळ्यापर्यंत भरलेला. "वेळ नाही मिळाला," म्हणाले. पुढच्या खेपेलाही वेळ नाही मिळाला. मग एक दिवस थर्मास फळीवरच ठेवून निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, "माझ्या चहात काय कमी झालं ते सांगा आणि मग जा."

"काही कमी नाही गं," म्हणाले. खाली वाकून बुटाची नाडी बांधत होते, वर बघितलंच नाही. "वडखळच्या अलीकडे गाडी थांबते ना, रुक्मिणीबाईंच्या हॉटेलवर. तिथे एक ग्लास घेतला की मग दिवसभर दुसरं काही नको वाटतं."

आता मला सांगा, बायकोला असं सांगतात? खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं. म्हणावं, डॉक्टरनं चहा बंद केलाय. म्हणावं, नवस केलाय. दुसऱ्या बाईचं नाव घेऊन वर तिच्या ग्लासाची तारीफ, आणि गेले आपले टोपी सरळ करत.

एस.टी.च्या रस्त्यावरची रीत मला ठाऊक होती. ड्रायव्हर जिथे गाडी थांबवणार तिथेच पाशिंजर उतरणार, तिथेच वडा खाणार. म्हणून हॉटेलवाले ड्रायव्हर-कंडक्टरला जपतात. त्यांच्याकडून चहाचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि चहाही वेगळा. पाशिंजरांचा पातेल्यात पाणी वाढवत वाढवत चाललेला, आणि ड्रायव्हरचा नुसत्या दुधाचा. तेव्हा तिथला चहा चांगला असेल हे मला मान्य. पण माझ्यापेक्षा चांगला?

मग मी कंबर कसली. आधी आलं दुप्पट केलं. मग वेलची घातली, मग गवती चहा, मग लवंग-मिरी. पत्ती बदलून आणली, जास्त कडक. सकाळी उठल्या उठल्या समोर कप ठेवायचा आणि समोर बसायचं. हे दोन घोट घ्यायचे, तोंड असं करायचे की एरंडेल प्यायलंय, आणि कप भिंतीकडे सरकवायचे. मी म्हणायचे, "अजून कडक करू का?" तर म्हणायचे, "नको नको, पुरे." तिचा पुरत नाही, माझा पुरे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि दुसऱ्या दिवशी मी आलं आणखी वाढवायचे.

नुसता चहा असता तरी ठीक होतं. जेवणातही खोड्या निघायला लागल्या. कोळंबीच्या तिखल्यावर हात मारणारा माणूस, म्हणतो तिखट कमी घाल. वर बारीक व्हायला लागले. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं. मी एथेलला सांगितलं. तिनं खिडकीतून खाली थुंकून घेतलं आणि म्हणाली, "बाय, चाळिशीतला पुरुष बारीक होते तो बायकोसाठी होत नाय." एथेलचं तोंड म्हणजे चर्चची घंटा, एकदा वाजली की साऱ्या गावाला ऐकू जाते. पण त्या दिवशी मला ते पटलं.

त्यात अंबादास आला. अंबादास म्हणजे ह्यांचा कंडक्टर, मुलगा सरळ आहे, पोटात काही ठेवत नाही. सुट्टीच्या दिवशी घरी आला, माझा चहा दोनदा मागून प्यायला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, त्या वडखळच्या बाईचा चहा म्हणे फार फर्स्टक्लास?"

"बरा असतो," अंबादास म्हणाला. "पण वहिनी, खरा मान धुरींचा. आम्ही बाहेर बाकड्यावर, हे आत पडद्याआड. ह्यांचा ग्लास पण वेगळा आहे, हिरव्या पट्टीचा. ती बाई स्वतः आणून देते. दुसऱ्या कुणाला त्या ग्लासला हात लावू देत नाही."

हे तेव्हा मोरीत हातपाय धूत होते. एवढं चांगलं, नाहीतर त्याच वेळी महाभारत झालं असतं. वेगळा ग्लास. माझ्या घरात ह्यांना जो कप हाताला लागेल त्यात देत होते मी. तिच्याकडे ह्यांचा ग्लास, हिरव्या पट्टीचा, आणि पडदा. मी अंबादासला तिसरा कप विचारला नाही.

मी ह्यांना सांगितलं, उद्या मी तुमच्या गाडीनं येणार, महाडला नलूताईकडे जायचंय. नलिनी माझी थोरली बहीण. हे एकदम म्हणाले, "दुसऱ्या गाडीनं जा ना. माझी गाडी फार थांबत थांबत जाते."

"थांबू दे की," मी म्हटलं. "मला कुठे ऑफिस गाठायचंय?"

मी गाडीत अशी जागा धरली की ह्यांची पाठ आणि वरच्या आरशातलं तोंड दोन्ही दिसावं. अबोली रंगाची साडी नेसले होते, केसात वेणी. त्या वडखळच्या बाईला दिसू दे काय चीज आहे ते. हायवेला लागल्यापासून मी आरशावरची नजर काढली नाही. अंधेरी गेली. सांताक्रूझला डोक्यावरून विमान गेलं, सगळी गाडी खिडक्यांतून वाकून बघत होती, मी आरशात बघत होते. हे सारखे बूड हलवत होते. डावं कोपर पोटाशी दाबून धरायचे, मग गिअर टाकायला सोडायचे, परत दाबायचे. कपाळावर घाम. मी मनात म्हटलं, फुटतोय बरोबर घाम. बायको गाडीत आणि ती पुढे. देवनारच्या कचऱ्याचा वास आला, लोकांनी नाकाला रुमाल लावले. मी खाडीच्या पुलापर्यंत तशीच बसून होते, रुमाल पर्समध्येच राहिला.

हॉटेल आलं. पत्र्याची शेड, बाहेर बाकडी, मागं चिंच. गाडी थांबली तसे हे उतरले आणि खिडकीखाली येऊन म्हणाले, "तू इथेच बस. चहा पाठवतो." आणि माझं उत्तर न ऐकता शेडमध्ये शिरले, पार मागे, जिथे निळा पडदा लावला होता तिथे.

चहा पाठवतात म्हणे. मी उतरले. चुलीपाशी एक म्हातारा पातेलं ढवळत होता. मी म्हटलं, "मी धुरी ड्रायव्हरची बायको. मला पाशिंजरांचा चहा नको, ड्रायव्हरचा द्या." त्यानं मान डोलावली, दुसऱ्या लहान पातेल्यातून ओतून दिला. अंबादास शेजारी उभा राहून तोच पीत होता.

मी घोट घेतला. तोंडात घोळवला. दूध होतं, साखर होती, नाही असं नाही. पण आलं नाही, पत्ती नुसती उकळून उकळून कडू केलेली. खरं सांगते, माझ्या चहाच्या पासंगालाही पुरला नसता. क्षणभर मला बरं वाटलं. आणि मग लगेच पायाखालची जमीन सरकली. चहात काही नाही, तर माणूस कशासाठी येतो? चहा चांगला असता तर मी आणखी चांगला केला असता. आता मी काय करायचं होतं?

मी ग्लास तिथेच ठेवला आणि पडदा बाजूला केला.

आत एक छोटं टेबल. हे भिंतीला पाठ लावून बसलेले, टोपी काढलेली, डोळे मिटलेले. घरीसुद्धा इतके सैल बसत नाहीत. ती समोर उभी होती. दिसायला बरी होती. बरी म्हणजे चांगलीच होती, उगाच कशाला खोटं बोलू? माझ्याहून लहान, कपाळ मोकळं, हातात एकेकच बांगडी. तिच्या एका हातात हिरव्या पट्टीचा ग्लास होता, दुसऱ्या हातात साधा, आणि ती यातून त्यात, त्यातून यात ओतून गार करत होती. चहाचाच रंग, वर वाफ. मग तिनं बोटानं ग्लास बाहेरून चाचपला आणि ह्यांच्यासमोर ठेवला. "धुरी, घ्या. आता जिभेला चटका नाही बसायचा," म्हणाली. राव नाही, दादा नाही. नुसतं धुरी.

मी पुढे झाले आणि तो ग्लास उचलला. ह्यांनी डोळे उघडले. "सुलू," एवढंच म्हणाले. मी ग्लास तोंडाला लावला.

पेज होती. नाचणीची पेज, दूध घातलेली, गुळाची जराशी चव.

 ही चव मी कशी विसरेन? लहानपणी सकाळी पेज, रात्री पेज, दुसरं काही नसायचंच. चहा मी पहिल्यांदा प्यायले तो मुंबईत आल्यावर. लग्नाच्या पहिल्या महिन्यातच ह्यांना सांगून टाकलं होतं, या घरात चहा होईल, पेज शिजणार नाही. माझ्या सासूबाई गावाहून आल्या आणि पेज मागितली, तेव्हा त्यांनाही मी आल्याचा चहाच दिला होता. बिचाऱ्या प्यायल्या.

"हे काय आहे?" मी म्हटलं. कुणाला विचारलं, मला माहीत नाही.

ती बोलली. "वहिनी ना? बसा. त्यांच्या पोटात अल्सर झालाय. होळीच्या आठवड्यात इथे नळावर तोंड धुवायला गेले आणि तिथेच वाकडे होऊन बसले. तशीच कशीबशी गाडी महाडला पोचवली. दुसऱ्या दिवशी परत आले तेव्हा मीच डॉक्टरकडे नेलं. चहा बंद, तिखट बंद सांगितलंय. मी म्हटलं होतं त्यांना, घरी सांगा म्हणून."

फळीवर मिठाच्या बरणीला लागून एक औषधाची बाटली उभी होती, पांढरं पातळ औषध, अर्धी संपलेली. माझ्या नवऱ्याचं औषध. तिच्या मिठाशेजारी.

मी मुंबईत आल्यापासून नीट मराठी बोलते, चाळीत मालवणी काढत नाही. त्या वेळी काही भान राहिलं नाही. "माका सांगूक तुमका काय झाला हुता?" मी म्हटलं. "ह्या परक्या बायेक सांगलात, आणि माका नाय?"

"सांगितलं असतं तर बाटली घरात आली असती," हे म्हणाले. ग्लासाकडे बघत म्हणाले, माझ्याकडे नाही. "एथेलनं बघितली असती. चाळीत अर्धा डेपो राहतो. कळलं की मला गाडीवरून उतरवतील, बसवतील कुठेतरी टायर मोजत. बरं होईपर्यंत थांबलो होतो."

"आणि माझा चहा? रोज सकाळी आलं घालून घालून देत होते तो?"

"तू समोर बसायचीस ना," म्हणाले. "दोन घोट घ्यायचो."

"पेज मागायला काय झालं होतं?"

 रुक्मिणी पदराने टेबल पुसायला लागली, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी. मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. ती सवत असती तर मी चार शब्द सुनावले असते, केस धरले असते. पण हिनं माझ्या माणसाला दवाखान्यात नेलं होतं. हिला काय बोलू? माझ्या घरी सगळं धडधाकट आणून ठेवलं होतं ह्यांनी, आणि दुखणं तेवढं इथे सोडून जायचे. मला दुखणं हवं होतं. ते हिच्याकडे होतं.

"मीठ कमी आहे पेजेत," मी म्हटलं.

"डॉक्टरनं कमीच सांगितलंय, वहिनी," ती म्हणाली.

मी ग्लास ह्यांच्यापुढे ठेवला. संपेपर्यंत उभी राहिले. मग फळीवरची बाटली उचलून पर्समध्ये टाकली. ती म्हणाली, "अहो, उद्या परतीला लागेल त्यांना." मी म्हटलं, "मी आहे ना परतीला." बाहेर अंबादास घंटी मारत होता.

नलूताईकडे मी गेले, पण राहिले नाही, दुसऱ्या दिवशी ह्यांच्याच गाडीनं परतले. गाडी पुन्हा तिथे थांबली. पोट रिकामं ठेवायचं नाही म्हणून हे आत गेले, जाताना माझ्याकडून औषध मागून घेतलं. मी गाडीतच बसून राहिले आणि खिडकीतून त्या निळ्या पडद्याकडे बघत होते. पडदा हलला की माझा जीव हलायचा.

बोरिवलीला आल्यावर मी नाचणी निवडली, धुतली, वाळवली, दळून आणली. बाटली पिठाच्या डब्यात लपवली. पहाटे पीठ गार पाण्यात कालवलं, आधणात ओतलं, ढवळत उभी राहिले. हात विसरला नव्हता, एक गुठळी झाली नाही. एथेलनं खिडकीतून वास घेतला. "सुलक्षणा बाय, पेज? तुझ्या घरात?"

"मला खावीशी वाटली," मी म्हटलं. एथेलपासून एक गोष्ट मी लपवली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मला ते आवडलं.

हे प्यायले. मी समोर बसले होते. "कशी झालीय?"

"बरी झालीय."

"तिच्यापेक्षा?"

पुरुषांना अशा वेळी एक अक्षर चांगलं बोलता आलं तर जग किती सोपं झालं असतं. हे विचार करायला लागले. खरंच विचार केला. मग म्हणाले, "तिची जरा पातळ असते."

मी कप विसळला आणि आपटून ठेवला. दुसऱ्या दिवशी पेजेत पाणी वाढवलं.

थर्मास पुन्हा जायला लागला, आतून पेज, बाहेरून तोच लाल. रिकामा परत यायचा. पण गाडी तिथे थांबायची ती थांबायचीच, पाशिंजरांना वडा हवा असतो. मी विचारायचे, "आत गेला होतात?" म्हणायचे, "नुसता बसलो." नुसता बसलो म्हणजे काय? बसून काय करतात? ती विचारत असेल, आता कसं आहे, आणि हे सांगत असतील. मला घरी विचारून विचारून एकच उत्तर, "बरं आहे." रोजचं बरं आहे. तिला खरं सांगत असणार, अशी माझी खात्री होती, आणि ह्या विचारानं माझी झोप उडाली होती.

दिवाळी तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. मी पहाटे उठून स्टो पेटवला होता. हे आतून आले, खाकी पॅंट घातलेली, वर बनियन, आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसले. कोपर पोटाशी. मी काही विचारलं नव्हतं. स्टोचा आवाज चालू होता, म्हणून मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. मी स्टो बारीक केला.

"आज दुखता गो," हे म्हणाले. "रात्रीपासून दुखता."

नवरा पोट धरून समोर बसलेला, तोंड पांढरं पडलेलं, आणि आमच्या गावच्या रवळनाथाची शपथ घेऊन सांगते, मला आनंद झाला. इतका की हातातला चमचा पिठात तसाच राहिला. अजून उजाडायचं होतं, गाडी अजून डेपोत होती, ती तिकडे वडखळला झोपलेली असेल. तिला अजून काही माहीत नव्हतं. मी पिठाच्या डब्यातून बाटली काढली, पदराने पुसली आणि ह्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसले. म्हटलं, "कुठे दुखतं, मला दाखवा."